जामखेडचा ग्रंथ आणि आमचे शिबिर

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याचा 'जामखेड' हा इंग्रजी ग्रंथ १९९४ साली प्रसिद्ध झाला. आमच्या हाती तो फार उशिरा आला. आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त परिचारिकेने तो आणून दिला आणि वाचून झाल्यावर आपल्या वैद्यकीय शिबिराविषयी बोलू, एवढेच त्या म्हणाल्या. त्या तसे का म्हणाल्या, हे ग्रंथ अर्ध्यावर येईपर्यंत आमच्या ध्यानात आले होते.

उपनगरांतील अनेक धर्मग्रामांप्रमाणे आमचेही एक पथक वर्षातून एकदा जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जाते. पहाटेची मिस्सा आटोपून दोन बसगाड्या महामार्गाला लागतात. डॉक्टर, परिचारिका, युवक संघाची मुले, औषधांची खोकी, जेवणाचे डबे आणि कापडी फलक असा सारा सरंजाम असतो. सायंकाळपर्यंत तीनएकशे रुग्ण तपासून होतात आणि रात्री आम्ही बोरिवलीत परततो. पुढील रविवारी वेदीवरून आकडा जाहीर होतो व भाविक प्रसन्न होतात. आम्हीही होत असू.

आरोळे दांपत्य कॅथलिक नव्हे, परंतु ख्रिस्ती श्रद्धेतूनच त्यांचे व्रत उगवले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात दोघांचे शिक्षण झाले व १९६० साली विवाह झाला. पुढे नगर जिल्ह्यातील वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम करताना एक गोष्ट त्यांना सलू लागली. बरा करून धाडलेला रुग्ण त्याच दुखण्याने पुन्हा दारात उभा राही. दूषित पाणी, अपुरे अन्न आणि जातीची उतरंड ही दुखण्याची मुळे गावातच शाबूत होती. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन १९७० साली ते जामखेडच्या दुष्काळी मुलखात उतरले, ते हे मूळ शोधण्यासाठी.

ग्रंथाचा उत्तम भाग आमच्या मते फसलेल्या प्रयत्नांचा आहे. प्रथम त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत ठेवून पाहिले. ते साधले नाही. परिचारिकांना गाव परका आणि गावाला परिचारिका परक्या. मग गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवावे असे ठरले. त्यांतील पुष्कळशा निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. गरोदर बाईने कमी खाल्ले की बाळंतपण सोपे जाते ही समजूत, हगवणीत मुलाचे पाणी तोडण्याची रीत, नाळ कापण्याची अस्वच्छ हत्यारे, यांच्याशी त्या बायका झुंजल्या. कारण सासू-सुनांशी बोलण्याची भाषा त्यांना येत होती, डॉक्टरांना येत नव्हती. प्रशिक्षणासाठी जामखेडला आल्या की सर्व जातींच्या बायका एकत्र राहत, एकत्र जेवत. विंधनविहिरी दलित वस्तीत खोदल्या गेल्या आणि सवर्णांच्या घागरी तेथे आल्या. अस्पृश्यतेवर आम्ही मंचावरून केलेली प्रवचने या एका हातपंपापुढे फिकी पडतात, हे येथे नमूद करून ठेवतो.

ग्रंथात उणिवा नाहीत असे नाही. संस्थापकांनीच संस्थेची कथा सांगितल्यामुळे गावातल्या विरोधकांची बाजू आपल्याला त्यांच्याच लेखणीतून कळते. आणखी एक खंत मराठी वाचक म्हणून वाटते. मुक्ताबाई पोळ यांच्यासारख्या आरोग्यसेविकांचे बोलणे, म्हणजे ज्या बोलीने गावे बदलली ते बोलणे, येथे इंग्रजीत गुळगुळीत होऊन येते. त्या बायकांचा ठसका, त्यांच्या म्हणी, त्यांची ओवी कोठे गेली? लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'वर वाढलेल्या आमच्या कानांना ही उणीव फार जाणवते. तिसरे असे की, यश सांगताना कथा काही ठिकाणी जरा सोपी होते. एका गावात जमले ते दुसऱ्यात का जमले नाही, याची चर्चा आम्हांला अधिक हवी होती.

तथापि १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळालेल्या या दांपत्याच्या कार्याचे वजन त्याने कमी होत नाही. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्याचा जो विचार जगापुढे मांडला, त्याच्यामागे जामखेडसारखे प्रयोग होते. मेबलबाई १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली प्रभूघरी गेले, तरी काम थांबले नाही. २००५ पासून शासनाने देशभर नेमलेल्या 'आशा' कार्यकर्त्यांतही या कल्पनेची छाया दिसते.

आता आमच्या शिबिराकडे वळू. वाचकांनी रागावू नये. गेल्या खेपेस एका पाड्यावर एक वृद्धा रांगेत होती. जुना कागद आहे का असे विचारताच तिने पदराची गाठ सोडली. आदल्या वर्षी आम्हीच दिलेली गोळ्यांची पुडी जशीच्या तशी निघाली. खाल्ल्या का नाहीत, असे आम्ही काहीशा अधिकारवाणीने विचारले. ती म्हणाली की तुम्ही वर्षाने येणार. मध्येच जास्त दुखले तर काय करू, म्हणून ठेवल्या. डॉक्टरांनी पुडी हातात घेऊन पाहिली. गोळ्यांची मुदत संपली होती.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू बहात्तर शिष्यांना धाडतो, तेव्हा आजाऱ्यांना बरे करा म्हणतो. पण त्याआधी एकाच घरी राहा आणि पुढे येईल ते खा, असेही बजावतो. हा उतारा आम्ही कित्येक वर्षे मिशन रविवारी वाचत आलो आहोत. आमचे डबे मात्र बोरिवलीहून जातात. ज्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ साली कुपोषणाने बालके दगावली, तेथील माणसे दिवाळीनंतर वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात. आमचे शिबिर असते जानेवारीत. निम्मा पाडा तेव्हा ओस असतो आणि आम्ही तपासतो ते मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना. ही साधी गोष्ट इतक्या वर्षांत आम्ही कोणाला विचारलीही नव्हती.

धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत आम्ही हा ग्रंथ पुढे ठेवला. शिबिराचा खर्च दोन बसगाड्यांवर न घालता पाड्यातील दोन बायकांच्या प्रशिक्षणावर घालावा, असे त्या निवृत्त परिचारिकाबाईंनी सुचविले. युवक संघाचा विरोध झाला; मुलांना पाडा पाहायला मिळणार नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. एका देणगीदाराने फलकाचे काय, असे विचारले. निर्णय पुढील बैठकीवर गेला आहे. तोवर ग्रंथाची प्रत आमच्या कचेरीत आहे. ज्यांना वाचायची असेल त्यांनी मिस्सानंतर मागून न्यावी.