दोन दिशांचे पान

टॅब्लेटवर मासिक उघडले की बोटाला दोन वाटा मिळतात. आडवे सरकवले की पुढचा लेख, उभे सरकवले की तोच लेख खाली उलगडत जातो. आयपॅड बाजारात येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा मे २०१० मध्ये ‘वायर्ड’ या अमेरिकी मासिकाने आपला टॅब्लेट-अंक याच रीतीने रचला. पुढे अ‍ॅडोबीच्या डिजिटल पब्लिशिंग सूटने ती रीत जगभरच्या संपादकांच्या हाती दिली. तो सूट आता बंद झाला आहे, पण त्याने घालून दिलेले पानाचे व्याकरण बारकाईने वाचण्याजोगे आहे.

कागदी अंकात लेख मध्येच तुटतो, ‘पुढील मजकूर पान अमुकवर’ अशी सूचना येते आणि वाचनाची लय मोडते. दोन दिशांच्या पानावर ही तूटच उरत नाही. उभ्या वाटेवर लेखकाची सोबत सुटत नाही. आडवी वाट संपादकाची आहे. कोणत्या लेखाशेजारी कोणता लेख ठेवायचा, गंभीर मजकुरानंतर श्वास कुठे द्यायचा, हे त्याने ठरवलेले असते. वाचकाने कधी या वाटेने जावे, कधी त्या, यात अंकाला ताल येतो. संकेतस्थळावरच्या न संपणाऱ्या यादीत हा ताल सापडत नाही, कारण तिथे अंकाला शेवटच नसतो. मासिकाला शेवट हवा. महिनाभर वाट पाहण्याला त्यामुळेच अर्थ येतो.

हे पान पाहताना किर्लोस्करवाडी डोळ्यांपुढे येते. औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळ, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना वसवला आणि तिथूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकलेले होते आणि कारखान्याच्या मालाच्या जाहिराती रचून त्यांचा हात तयार झाला होता. लिहिणे, रेखाटणे, अंक रचणे ही तिन्ही कामे त्यांच्यात एकवटली होती. म्हणून त्यांच्या मासिकात चित्र हे मजकुराचे ठिगळ झाले नाही. पुढे मोठ्या छापखान्यांत ही कामे वेगवेगळ्या टेबलांवर गेली. अ‍ॅडोबीच्या त्या सूटची मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी की त्याने ही कामे पुन्हा जवळ आणली. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पान लावणाराच चौकट आखे, तीत सरकणारा मजकूर भरे, चित्रमाला बसवी, आवाजाचे बटण ठेवी. त्यासाठी त्याला प्रोग्रामरच्या दारात जावे लागत नसे.

या सोयींपैकी चांगली कोणती, याची माझी कसोटी सरळ आहे: कागदाला जे दाखवताच आले नसते, ते ती दाखवते का? चित्रमालेतून वस्तू बोटाने गोल फिरवता येते. अत्तराच्या बाटलीसाठी हे करणे वाया आहे. पण किर्लोस्करांच्या कारखान्यातल्या लोखंडी नांगराचा विचार करा. माती उलटवणाऱ्या पात्याला जो पीळ असतो, तो एका सपाट छायाचित्रात कधीच पुरता दिसत नाही. नांगर बोटाखाली फिरू लागला की तो पीळ कळतो आणि ढेकूळ कुठल्या बाजूला पडेल तेही कळते.

याहून सुंदर उदाहरण मिरजेचे. उस्ताद अब्दुल करीम खाँ जिथे राहिले, त्या गावात तंबोरे घडतात. जवारी काढणे हे त्या कारागिरीतले सर्वांत नाजूक काम. घोडीचा माथा हलक्या हाताने कानसायचा, तारेखाली सुताचा धागा किंचित मागेपुढे सरकवायचा, आणि ठोक वाजणारी तार गुंजू लागते. यावर कितीही चांगले लिहिले तरी वाक्य आवाजाच्या उंबरठ्याशी थांबते. टॅब्लेटच्या पानावर तिथेच, त्या वाक्याच्या पुढे, दोन बटणे ठेवता येतात: जवारीआधीची तार आणि जवारीनंतरची. वाचक दोन्ही ऐकतो आणि पुढच्या ओळीवर जातो. पान उघडताच आवाज आपोआप सुरू करणारा मांडणीकार मात्र हा सगळा रस घालवतो. आधी वाचून उत्सुकता जागी व्हायला हवी, मगच कानाने काम करावे.

आता अक्षरांकडे. ‘वायर्ड’च्या त्या पहिल्या अंकाचे वजन सुमारे ५०० एमबी होते, कारण प्रत्येक पान हे चित्र होते, तेही उभ्या आणि आडव्या पडद्यासाठी वेगवेगळे. पुढे पीडीएफ स्वरूपाची पाने आली, वजन घटले आणि पान मोठे केले तरी अक्षराची कड धारदार राहिली. चित्ररूप पानाने मराठीची एक अडचण झाकून ठेवली होती. युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेला मजकूर चित्रात अचूक दिसे, पण तो मुका असे. त्यात शब्द शोधता येत नसे, ओळ उचलता येत नसे. मजकूर जिवंत करायचा तर युनिकोड हवे. आणि मग ‘कऱ्हाड’ लिहिताना तो आडवा रफार नीट बसतो की मोडून पडतो, हे अक्षरजुळणीच्या यंत्रणेवर ठरते. २०१२ च्या इनडिझाइन सीएस ६ मध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही अशी यंत्रणा भारतीय लिप्यांसाठी सहज वापरता येऊ लागली, ही मराठी मांडणीकाराच्या दृष्टीने त्या आवृत्तीतली सर्वांत मोठी भेट. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण वेगळे भरलेले असते. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तरच ते वर येते. ही नोंद करण्याचे कष्ट घेणारा मांडणीकार मला फार जवळचा वाटतो.

अक्षरे जिवंत झाली की काय घडू शकते, ते वाईच्या मराठी विश्वकोशावरून पाहावे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ साली पहिला खंड आला. त्याच्या नोंदींत कंसातला एक छोटा बाण वाचकाला दुसऱ्या नोंदीकडे पाठवतो. छापील खंडात त्या बाणामागे जायचे म्हणजे उठून कपाटातून दुसरा जाड खंड काढायचा. पडद्यावर तोच बाण स्पर्शाने उघडायला हवा, आणि परत येताना वाचकाला लेखाच्या मथळ्याशी न सोडता, जिथून तो निघाला त्याच ओळीवर आणून ठेवायला हवे.