पाभर, फोकणी आणि प्रवचन

ख्रिस्ती प्रवचनात शास्त्रवचनाचा नित्य जीवनाशी सांधा जुळविला जातो. हा प्रश्न भाषेचाही आहे. पाटस ज्या दौंड तालुक्यात आहे, त्यातीलच केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर १९२२ मध्ये, मृत्यूपूर्वी, पूर्ण केले. संस्कृतज्ञ असूनही अल्पशिक्षित वाचकांसाठी त्यांनी सोप्या मराठीचा आग्रह धरला. परंतु शब्द सोपा झाला म्हणजे दृष्टांत परिचित झाला, असे नव्हे.

मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील पेरणाऱ्याचा दृष्टांत घ्यावा. तेथे बी वाटेवर, खडकाळ जागी व काटेरी झुडपांतही पडते, कारण ते हाताने फोकलेले असते. या भागातील शेतकरी परंपरेने ज्वारी पाभरीने पेरीत आला. चाड्यातून तासात पडणारे बी वाटेवर कसे जाईल? ‘हा पेरणारा आपल्यासारखाच’ असे सांगणारा प्रवचनकार श्रोत्याचा अनुभवच डावलतो. उलट फोकणी व पाभर यांतील भेद त्याने स्पष्ट केला, तर वाया गेलेले बी निष्काळजीपणाचे न वाटता, जमीन न निवडता देणाऱ्या औदार्याचे द्योतक ठरू शकते. येथे साम्यापेक्षा भेदच अर्थ उघड करतो.

सुलभ भाषांतराने प्रवचनकाराचे निम्मे कार्य होते. उरलेले निम्मे श्रोत्याच्या व्यवसायाचे ज्ञान असल्यावाचून होत नाही.