झावळी, तळहात आणि ‘पाम’

गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामांच्या सूचनाफलकांवर आणि मुलांच्या तोंडी ‘पाम संडे’ हा शब्दप्रयोग चांगलाच रुळला आहे. ‘झावळ्यांचा रविवार’ हे आपले अर्थवाही नाव हळूहळू मागे पडत आहे. या बदलाच्या समर्थनार्थ असे म्हटले जाते की, ‘पाम’ या एका शब्दात झाड आणि तळहात हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत; मराठीत ती सोय नाही. हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो, म्हणूनच तो तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इंग्रजीतील हा शब्द लॅटिन ‘पाल्मा’वरून आला. त्याचा मूळ अर्थ तळहात. भूमध्य समुद्राच्या काठी उगवणाऱ्या ठेंगण्या पामची पाने पसरलेल्या बोटांसारखी दिसतात. त्या साम्यावरून झाडाला हाताचे नाव मिळाले. खजुराच्या फळाला ग्रीकांनी तर बोटाचेच नाव दिले. रोममध्ये विजेत्याला झावळी देत, त्यामुळे ‘पाल्मा’ म्हणजे विजय हाही अर्थ रूढ झाला. संत जेरोम यांच्या लॅटिन बायबलात योहानच्या बाराव्या अध्यायात जमाव पाल्माच्या फांद्या घेऊन प्रभूला सामोरा जातो आणि मत्तयच्या सव्विसाव्या अध्यायात, प्रमुख याजकाच्या वाड्यात, प्रभूच्या मुखावर जे तडाखे बसतात तेही ‘पाल्मा’च. रविवारचे विजयचिन्ह गुरुवारच्या रात्री चपराक होते! या योगायोगाचे सामर्थ्य आम्ही नाकारीत नाही.

परंतु तो शुभवर्तमानकारांचा हेतू होता काय? मूळ ग्रीकमध्ये योहान ‘फिनिक्स’ म्हणजे खजुरीचे झाड म्हणतो, तर मत्तयने चपराकीसाठी योजलेल्या क्रियापदाचा झाडाशी काडीचाही संबंध नाही. शिवाय खजुरीचा उल्लेख एकटा योहान करतो. मत्तय झाडांच्या डहाळ्या सांगतो, मार्क रानातून तोडलेल्या पालेदार फांद्या सांगतो, आणि लूक तर केवळ वाटेवर पसरलेल्या वस्त्रांवर थांबतो. तेव्हा पाल्माचे हे नाते लॅटिन भाषेची देणगी आहे, शास्त्राचा पुरावा नव्हे.

अशा शब्दसाम्यावर अर्थ उभारण्यात धोका असतो, याचे एक जुने उदाहरण आहे. ग्रीक ‘फिनिक्स’ हे मरून पुन्हा जन्मणाऱ्या कल्पित पक्ष्याचेही नाव. नीतिमान मनुष्य खजुरीसारखा बहरेल, या आशयाच्या ब्याण्णवाव्या स्तोत्रात टर्टुलियन यांना, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी, तो पक्षीच दिसला आणि त्यांनी त्याला पुनरुत्थानाचा साक्षीदार केले. कल्पना रम्य आहे; पण तेथील हिब्रू शब्द ‘तामार’, आणि त्याचा अर्थ खजुरीचे झाड एवढाच.

झाड आणि हात यांचे खरे नाते पाहायचे असेल तर हिब्रूकडेच जावे. ‘काफ’ म्हणजे तळहात. लेवीय ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात मंडपांच्या सणासाठी ज्या झावळ्या घ्यावयाच्या, त्यांना याच शब्दाचे अनेकवचन वापरले आहे. यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात परमेश्वर सियोनला आपल्या ‘काफ’वर कोरतो, आणि पंचावन्नाव्या अध्यायात रानातील झाडे ‘काफ’ने टाळ्या वाजवतात.

आता मराठीचे दारिद्र्य पाहू. संस्कृत ‘ताल’ या शब्दाचे अर्थ दोन: ताडाचे झाड आणि टाळी. आपला ताड आणि आपली टाळी त्याच घराण्यातली. ताडाचे पान पंजासारखे पसरते. जेरुसलेमच्या खजुरीचे पान मात्र पिसासारखे असते. म्हणजे हाताची उपमा आपल्या ताडालाच अधिक शोभते. याखेरीज माड, पोफळी, खजुरी, झावळी, झाप, हीर हे शब्द वाडीत वेगवेगळी कामे करतात, आणि तळहात, पंजा, ओंजळ, वीत, चपराक हे शब्द हातात. ‘पाम’ मराठीत कशाने रुजला? पश्चिम आफ्रिकेतील झाडाच्या खाद्यतेलाने आणि दिवाणखान्यातील कुंडीने. उसना शब्द एकच अर्थ घेऊन बंदरावर उतरला; त्याचे बाकीचे अर्थ जहाजातच राहिले. ज्या समृद्धीसाठी आपण तो घेतला म्हणतो, ती मराठी मुलाला मिळालीच नाही.

मग रविवार आणि गुरुवार यांना जोडणारा धागा मराठीत तुटतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. दर तीन वर्षांनी झावळ्यांच्या रविवारी मत्तयकृत दुःखसहनाचे वाचन होते. त्या वेळी आशीर्वादित झावळी आपल्या तळहातात असते आणि कानी चपराक पडते. शब्द दोन, पण तो हात आपलाच, हे ओळखायला श्लेष लागत नाही. वाचन स्पष्ट आणि शब्द ओळखीचे असावे लागतात. तीच झावळी घरी क्रुसामागे वर्षभर सुकते आणि पुढे तिची राख बुधवारी आपल्या कपाळी लागते. ‘पाम’ म्हणणाऱ्या मुलाला ही राख कोणत्या झाडाची, हे ठाऊक असेल काय?

आमची विनंती एवढीच: यंदा फलकावर ‘झावळ्यांचा रविवार’ लिहावे, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांच्या हाती झावळी देताना तिच्या झाडाचे नाव सांगावे.