जमलेली सोयरीक, मोडलेली सोयरीक

15 सप्टेंबर 2022 रोजी अ‍ॅडोबीने फिग्मा ही आरेखनाचं साधन बनवणारी कंपनी 20 अब्ज डॉलरला विकत घेत असल्याचं जाहीर केलं. एरवी अशा बातमीवर शेअर बाजारवाले बोलतात. या वेळी जगभरचे डिझायनर खवळले. फिग्माचे संस्थापक डिलन फील्ड यांनी दीडेक वर्षापूर्वी, आपल्याला अ‍ॅडोबी व्हायचं नाही, अशा अर्थाचं विधान केलं होतं. लोकांनी ते शोधून काढून त्यांच्याच पुढ्यात ठेवलं. अनेकांनी पेनपॉटसारख्या मुक्तस्रोत साधनांची चौकशी सुरू केली. साधन बनवणाऱ्या दोन प्रतिस्पर्ध्यांची सोयरीक जुळतेय म्हटल्यावर कारागिरांनी इतकं हवालदिल का व्हावं?

दरवाढीची भीती हे त्याचं सोपं उत्तर आहे, आणि ते अपुरं आहे. डिझायनर ज्या साधनावर वर्षानुवर्षं काम करतो, त्याच्या सवयी त्याच्या हातात उतरतात. रेघ कशी वळवायची, पानं कशी मांडायची, चूक कशी निस्तरायची, या प्रत्येक बाबतीत दोन प्रतिस्पर्धी साधनं दोन वेगळी उत्तरं देत असतात. ती एका मालकाच्या हाती गेली की त्यातलं एक उत्तर बहुधा मिटतं. संगणकावरच्या आरेखनकलेची आजची अवस्था समजून घ्यायची तर कंपन्यांच्या ताळेबंदांपेक्षा ही मिटलेली उत्तरं पाहायला हवीत.

फ्रीहँड या रेखाटनाच्या साधनाची कथा त्यासाठी पुरेशी बोलकी आहे. अ‍ॅडोबीचं इलस्ट्रेटर 1987 मध्ये आलं. ऑल्टसिस या कंपनीने बनवलेलं आणि आल्डसने विकलेलं फ्रीहँड 1988 मध्ये. पुढे बराच काळ चित्रकारांत दोन तट होते. 1994 मध्ये अ‍ॅडोबीने आल्डस विकत घेतली, तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हस्तक्षेप केला. फ्रीहँड ऑल्टसिसकडे परत गेलं आणि परवानगीशिवाय असं दुसरं आरेखन सॉफ्टवेअर घेण्यावर अ‍ॅडोबीला दहा वर्षांचा निर्बंध बसला. लवकरच मॅक्रोमीडिया या कंपनीने ऑल्टसिसच घेतली आणि झुंज नव्या जोमाने सुरू झाली. ती कोर्टातही गेली. 2002 मध्ये पॅलेटच्या टॅबसारख्या बाबींवरून दोघींनी एकमेकींविरुद्ध पेटंटचे दावे जिंकले आणि मग तडजोड केली.

निर्बंधाची मुदत संपली. 18 एप्रिल 2005 रोजी अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडिया सुमारे 3.4 अब्ज डॉलरच्या समभागांत घेण्याचं जाहीर केलं, आणि डिसेंबरात व्यवहार पूर्णही झाला. तेव्हा बहुतेकांचं लक्ष मॅक्रोमीडियाच्या फ्लॅश आणि ड्रीमवीव्हर या वेबच्या साधनांकडे होतं. फ्रीहँडवाल्यांना मात्र आपलं काय होणार हे कळून चुकलं होतं. मे 2007 मध्ये अ‍ॅडोबीने फ्रीहँडची नवी आवृत्ती निघणार नसल्याचं सांगून टाकलं. ज्यांचं सगळं काम त्यात होतं, त्यांना इलस्ट्रेटरकडे वळण्याचा सल्ला मिळाला. एकाच फाइलमध्ये वेगवेगळ्या आकारांची अनेक पानं मांडणं फ्रीहँडमध्ये केव्हाचं रुळलेलं होतं. इलस्ट्रेटरमध्ये तशी सोय 2008 च्या आवृत्तीत आली. व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड आणि पाकीट एकाच नजरेत ठेवून काम करणाऱ्या माणसाला हा फरक कळतो. 2011 मध्ये फ्रीहँडप्रेमींच्या एका गटाने अ‍ॅडोबीवर मक्तेदारीविरोधी दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. फ्रीहँड परत आलं नाही.

इथे न्यायाने एक गोष्ट नोंदवायला हवी. फ्रीहँडची शेवटची आवृत्ती 2003 ची, म्हणजे मॅक्रोमीडियाच्याच काळातली. त्या कंपनीचं मन वेबमध्ये गुंतलं होतं आणि चित्रकारांकडे तिचंही दुर्लक्षच झालं होतं. विलीनीकरणाने आजारी साधनाला मारलं, धडधाकटाला नव्हे, असं कोणी म्हटलं तर ते पूर्ण खोटं ठरणार नाही. पण आजारी साधन वेगळ्या मालकाकडे गेलं तर सावरूही शकतं. प्रतिस्पर्ध्याच्याच घरात ते गेलं की त्याला सावरण्यात कोणाचाच फायदा उरत नाही.

फायरवर्क्सचं नशीबही तसंच निघालं. मॅक्रोमीडियाचं हे साधन खास पडद्यावरच्या रचनेसाठी बनलेलं होतं. फोटोशॉपच्या सावलीत ते काही वर्षं तगलं आणि 2013 मध्ये त्याचा विकास थांबला. त्याच वर्षी अ‍ॅडोबीने पेटीबंद विक्री संपवून यापुढे बहुतेक सगळं वर्गणीवरच मिळेल असं जाहीर केलं. पडद्यासाठी काम करणाऱ्यांची जी जागा रिकामी झाली, ती आधी नेदरलँड्सच्या स्केचने भरली, आणि 2016 पासून ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फिग्माने. एकाच फाइलवर चार जणांनी एका वेळी काम करायचं ही फिग्माची मूळ कल्पना. जुन्या घरात ती सुचली असती का, याची शंकाच आहे. 2022 चा संताप या पार्श्वभूमीवर वाचावा. 2005 मध्ये जे गिळलं गेलं, त्याच्या जागी कष्टाने उगवलेलंही आता गिळलं जातंय, असा तो अनुभव होता.

या वेळी नियामक जागे होते. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाच्या प्राथमिक निष्कर्षांत, पडद्यावरच्या उत्पादन आरेखनाच्या बाजारात फिग्माचा वाटा 80 टक्क्यांहून जास्त असल्याचं म्हटलं होतं. युरोपीय आयोगानेही आक्षेप घेतले. 18 डिसेंबर 2023 रोजी सोयरीक मोडली आणि करारानुसार अ‍ॅडोबीने फिग्माला एक अब्ज डॉलर मोजले. डिझायनरांनी विजय साजरा केला. पण त्या पंधरा महिन्यांत अ‍ॅडोबीने आपल्या एक्सडी या फिग्माच्या स्पर्धक साधनाची स्वतंत्र विक्री बंद केली होती, आणि करार मोडल्यावरही त्यात जीव ओतला नाही. लग्न झालं नाही, तरी एक चूल विझलीच.

स्वतंत्र राहिलेली फिग्माही संत नाही. 2024 च्या सुरुवातीला तिने प्रोग्रॅमरांसाठीची डेव्ह मोड सुविधा सशुल्क केली. जुलै 2025 मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली, म्हणजे आता तिलाही दर तिमाहीला वाढ दाखवायची आहे. त्याच वर्षी तिने रेखाटनासाठी फिग्मा ड्रॉ आणलं. इलस्ट्रेटरसारख्या साधनांशी होऊ शकणाऱ्या ज्या स्पर्धेच्या रक्षणासाठी नियामक भांडले, ती अशी थोडीफार उतरली, हे खरं. दुसरीकडे, वर्गणी नको म्हणणाऱ्यांचा आधार असलेलं अफिनिटी हे साधन मार्च 2024 मध्ये कॅन्व्हा या कंपनीने घेतलं. ओरड झाल्यावर कायमस्वरूपी परवान्याचं आश्वासन मिळालं; ऑक्टोबर 2025 मध्ये ते फुकटच झालं, मात्र कॅन्व्हाचं खातं उघडण्याच्या अटीवर. फुकट मिळालेल्या हत्यारावर हक्क कुठला सांगणार?

या सगळ्यात कला कुठे आहे? कोणतीही चार अ‍ॅप उघडून पाहा. गोल कोपऱ्यांची तीच कार्डं, तेच अंतर, तीच बटणं. गूगल आणि अ‍ॅपलच्या नियमावल्यांचा यात मोठा हात आहे. एकट्या साधनाला दोष देता येणार नाही. तरी ज्या साधनात तयार घटक ओढून आणणं सर्वांत सोपं असतं, तिथे नवा घटक रेखाटण्याची खाज कमी होते. प्रतिस्पर्धी साधन असतं तेव्हा निदान दुसऱ्या खोडी असलेली दुसरी शाळा तरी असते.

साधन मिटण्याची झळ मराठी छपाईनेही सोसलेली आहे. आल्डसबरोबर तिचं पानं लावण्याचं साधन पेजमेकरही अ‍ॅडोबीकडे गेलं. त्याची अखेरची 7.0 ही आवृत्ती 2001 ची. तिथून अ‍ॅडोबीच्याच इनडिझाइनकडे जायचं तर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत बांधलेला मजकूर आडवा येई, म्हणून आपले डीटीपीवाले पुढेही बरीच वर्षं पेजमेकरवरच पानं लावत राहिले. दरम्यान इनडिझाइनच्या वर्गणीतल्या आवृत्त्यांनी पेजमेकरच्या फाइली उघडणंच सोडलं. पुस्तक छापलेलं आहे, फाइलही डिस्कवर आहे, पण नव्या आवृत्तीसाठी मजकूर पुन्हा टाइप करावा लागतो, ही वेळ प्रकाशकांवर त्यातूनच येते.

डिझायनरांच्या निषेधातली उणीव इथेच दिसते. ते आवडत्या कंपनीसाठी भांडले, आपल्या फाइलीसाठी नाही. 1998 मध्ये वेबवरच्या रेखाचित्रांसाठी अ‍ॅडोबीच्या आणि मायक्रोसॉफ्ट-मॅक्रोमीडियाच्या गटांनी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमपुढे वेगवेगळे प्रस्ताव ठेवले होते. त्या भांडणातून 2001 मध्ये एसव्हीजी हे खुलं मानक उभं राहिलं. मॅक्रोमीडिया गेली, फ्लॅश 2020 अखेर संपलं, एसव्हीजी मात्र आज प्रत्येक ब्राउझरमध्ये चालतं. फिग्माची मूळ फाइल अजूनही तशी खुली नाही, आणि त्यावरून कोणी रस्त्यावर उतरलेलं नाही. मालक बदलतीलच, पुढच्या सोयरिकीची बातमी येईल तेव्हा खवळण्याआधी डिझायनरने एवढंच विचारावं, की माझं काम उद्या दुसऱ्या कोणाच्या साधनात उघडेल का. होकार मिळेपर्यंत कोणत्याही कंपनीचं स्वातंत्र्य हे त्याचं स्वातंत्र्य नव्हे.