तूसाँ, मोईझ आणि जमिनीचा प्रश्न : ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’चे पुनर्वाचन

आपल्याकडे क्रांतियुग म्हटले की १७७६ची अमेरिका आणि १७८९चे फ्रान्स ही जोडी पटकन ओठांवर येते. त्याच काळात कॅरिबियन समुद्रातल्या सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत गुलामांनी उठाव केला. बारा वर्षांहून अधिक काळ लढून त्यांनी गोरे मळेवाले, इंग्रज आणि शेवटी नेपोलियनची फौज यांना हटवले आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र उभे केले. या तिसऱ्या क्रांतीला इतिहासात हक्काची जागा मिळवून देण्यात त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्स यांच्या ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ (१९३८) या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. जेम्स यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. पदवीशिवाय इतिहासाच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्याला म्हणूनही हा ग्रंथ जवळचा वाटतो. पण जवळच्या ग्रंथाला अवघड प्रश्न विचारायलाच हवेत. माझा प्रश्न जमिनीचा आहे.

आधी ग्रंथाचे बळ पाहू. १७८९च्या सुमारास या वसाहतीत जवळपास पाच लाख गुलाम होते आणि गोऱ्यांची संख्या त्यांच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होती. साखर आणि कॉफीच्या जोरावर फ्रान्सच्या सागरी व्यापाराची भरभराट चालली होती. जेम्स यांनी हे अर्थकारण पॅरिसच्या घडामोडींशी जोडले. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी फ्रेंच कन्व्हेन्शनने गुलामगिरी रद्द केली, ती केवळ उदार विचारांनी नव्हे. ऑगस्ट १७९१ पासून पेटलेल्या उठावाने आणि इंग्रज-स्पॅनिश आक्रमणाने ती वेळ आणली होती. गुलामांना स्वातंत्र्य ‘देण्यात’ आले, ही समजूत जेम्स यांनी मोडून काढली.

आता अडचणीच्या जागेकडे येऊ. तूसाँ लुव्हर्त्यूर सर्वेसर्वा झाल्यावर त्याच्यापुढे राज्य चालवण्याचा प्रश्न होता. फौजेला बंदुका-दारूगोळा हवा, त्यासाठी परकीय पैसा हवा, आणि पैसा मिळणार साखर-कॉफीच्या निर्यातीतून. म्हणून ऑक्टोबर १८००च्या हुकुमाने त्याने मळ्यांवरच्या मजुरांना लष्करी शिस्तीत बांधले. मजुराला वेतन म्हणून उत्पन्नाचा हिस्सा मिळे. पण मळा सोडून जायची मुभा नव्हती. फेब्रुवारी १८०१ मध्ये पन्नास कारोंपेक्षा (सुमारे १६० एकर) लहान तुकड्यांच्या खरेदी-विक्रीवर त्याने बंदी घातली. याचा अर्थ सरळ होता : चार मजुरांनी पैसे जोडून चार-दोन एकर घ्यायचे म्हटले तरी वाट बंद. त्याच वर्षीच्या राज्यघटनेने गुलामगिरी कायमची संपल्याचे जाहीर केले आणि तूसाँला तहहयात गव्हर्नर केले. ऑक्टोबरमध्ये उत्तरेत मजूर उठले. त्यांच्या बाजूचा समजला गेलेला सेनानी मोईझ हा तूसाँचा मानलेला पुतण्या. नोव्हेंबरमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

जेम्स हा प्रसंग लपवत नाहीत. उलट तूसाँच्या पतनाची सुरुवात ते इथेच मानतात. परंतु त्यांचे निदान असे, की तूसाँचे धोरण मूलतः बरोबर होते, चूक झाली ती आपल्या माणसांना ते समजावून न सांगण्यात. मला हे निदान पटत नाही. मजुरांना धोरण नीट समजले होते, म्हणूनच ते उठले. त्यांच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे स्वतःच्या वाफ्यात स्वतःचे कंद-केळी लावणे, आठवडी बाजारात विकणे आणि कोणाच्या घंटेवर न उठणे. तूसाँच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे गुलामगिरी परत येऊ न देणारे बलवान राज्य. हा गैरसमज नव्हता, हितसंबंधांचा विरोध होता. आणि कितीही उत्तम भाषण केले तरी असा विरोध मिटत नाही.

तूसाँच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याची भीती खरी ठरली. १८०२च्या आरंभी लक्लेरची फौज उतरली आणि त्याच वर्षी २० मे रोजी नेपोलियनने गुलामगिरी चालू ठेवणारा कायदा केला. फसवून पकडलेला तूसाँ एप्रिल १८०३ मध्ये फ्रान्समधल्या फोर द जूच्या किल्ल्यात मेला. फौज नसती तर स्वातंत्र्यही टिकले नसते. पण ज्यांच्या जिवावर फौज लढायची त्यांनाच मळ्याशी बांधल्यावर, फ्रेंच उतरले तेव्हा अनेक ठिकाणी लोक थंड राहिले, हेही तितकेच खरे.

१९७७ साली फ्रेंच व हैतियन संशोधकांनी कागदपत्रांवरून दाखवून दिले, की क्रांतीच्या आधीच तूसाँ मुक्त झाला होता आणि त्याने कॉफीचा मळा गुलामांसह खंडाने घेतला होता. १९३८ मध्ये जेम्स यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. या माहितीने तूसाँ लहान होत नाही. मात्र मळ्याशिवायचे अर्थकारण त्याला का सुचले नाही, याचा उलगडा थोडा होतो.

हा पेच तूसाँबरोबर संपला नाही. १८२५ मध्ये फ्रान्सने मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. पुढे १८३८ मध्ये ती ९ कोटींवर आली. मालमत्ता गमावलेल्या मळेवाल्यांना पैसे, आणि ते देणारे पूर्वीचे गुलाम! ती उभी करायची तर निर्यात वाढायला हवी, म्हणून राष्ट्राध्यक्ष ब्वायेने १८२६च्या ग्रामीण कायद्याने शेतकऱ्यांना पुन्हा मळ्याशी जखडू पाहिले. तोवर अनेकांच्या हाती जमिनीचे तुकडे आले होते, त्यामुळे कायदा बराचसा कागदावरच राहिला. मोईझ हरला, पण त्याच्या मागे उभ्या राहिलेल्यांचा हट्ट टिकला.

जेम्स यांचे मोठेपण असे, की १९७१च्या अटलांटा येथील व्याख्यानांत त्यांनी स्वतःच सांगितले : आज ग्रंथ लिहिला तर तूसाँ कमी आणि सामान्य जनता अधिक येईल. कॅरोलिन फिक यांच्या १९९०च्या ग्रंथाने ते काम पुष्कळ पुढे नेले.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. त्या अर्पणपत्रिकेशेजारी हैती ठेवून पाहावी. तिथे मुक्त करणारे आणि मुक्त होणारे एकच होते. आणि सत्ता आपल्या माणसाच्या हाती आल्यावर कसणाऱ्याच्या पदरात काय पडले, हा मोईझचा प्रश्न कोणत्याही नव्या राष्ट्राला विचारता येतो. ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ वाचणाऱ्यांनी तूसाँच्या शेवटाआधी मोईझची ती मोजकी पाने सावकाश वाचावीत, एवढीच विनंती.