वीस लाख बंद खाती आणि ३४५ तक्रारी : पारदर्शकता अहवाल वाचायचा कसा?

पीएचडी प्रवेशासाठी आराखडा लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना 'सोशल मीडिया कंपन्या आणि सामान्य वापरकर्ता' हा विषय खुणावतो. पोस्ट उडाली, खातं बंद पडलं, विचारायला कुणी माणूस नाही, ही वैतागाची गोष्ट प्रत्येकाच्या ओळखीत एकदा तरी घडलेली असते. मग पुढचा प्रश्न येतो, डेटा कुठून आणायचा? यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे कंपन्यांचे पारदर्शकता अहवाल. फुकट मिळतात, नियमित येतात, आकडे तयार असतात.

आज या अहवालांची चिकित्सा करू. पुस्तकाचं परीक्षण करतो तसंच, म्हणजे लेखकाने काय सांगितलंय, काय वगळलंय आणि वाचकाने काय समजावं अशी त्याची इच्छा आहे, हे बघत. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. या अहवालांतले आकडे खोटे आहेत असा माझा आरोप नाही. पण ते 'कंपनीने किती काम केलं' या प्रश्नाचं उत्तर देतात. तुमचा प्रश्न 'वापरकर्त्याच्या वाट्याला काय आलं' हा असेल, तर त्याच आकड्यांवर विसंबून तुम्ही नकळत आपला प्रश्नच बदलून बसता.

अहवाल येतो कुठून?

भारतात २५ फेब्रुवारी २०२१ ला माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम आले. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या सोशल मीडिया कंपन्यांना दर महिन्याला अहवाल देणं बंधनकारक झालं. त्यात किती तक्रारी आल्या, त्यांवर काय केलं आणि यंत्रणेने आपणहून किती मजकूर काढला, हे द्यायचं असतं. तक्रार निवारण अधिकाऱ्याने २४ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि १५ दिवसांत ती निकाली काढायची, असंही ठरलं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर याच्या वरची पायरी म्हणून अपील समित्या आल्या. जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या नेमल्या गेल्या.

कागदावर हे सगळं छान आहे. आता एक प्रत्यक्ष अहवाल उघडू.

दोन आकडे, दोन जगं

व्हॉट्सअ‍ॅपचा या नियमांखालचा पहिला अहवाल १५ मे ते १५ जून २०२१ या काळाचा आहे. या एका महिन्यात भारतातली २० लाखांहून जास्त खाती बंद केली, असं त्यात म्हटलंय. याच काळात तक्रार अधिकाऱ्याकडे आलेल्या तक्रारी होत्या ३४५. त्यातल्या २०४ तक्रारी खातं बंद झाल्याविरुद्ध होत्या आणि एकूण ६३ खात्यांबाबत कारवाई झाली.

पहिल्यांदा वाचताना दोन टोकाचे निष्कर्ष सुचतात. एक म्हणजे, 'वीस लाखांत जेमतेम दोनशे जणांनी कुरकूर केली, म्हणजे यंत्रणा उत्तम चाललीय.' दुसरा, 'वीस लाख लोकांवर अन्याय झाला!' हे दोन्ही निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाहीत.

दुसरा आधी तपासू. बंद केलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त खाती यंत्राने घाऊक संदेश पाठवणारी होती, असं कंपनीचं म्हणणं आहे. त्यात तथ्य असणार. सकाळ-संध्याकाळ कर्जाच्या नि लॉटरीच्या संदेशांनी आपण सगळेच पिडलेले आहोत, आणि ती खाती बंद झाली तर कुणाला दुःख नाही.

पण पहिला निष्कर्ष जास्त धोकादायक आहे, कारण तो शास्त्रीय दिसतो. २०४ ला २० लाखांनी भागलं की ०.०१ टक्के येतं. परिच्छेदात 'त्रुटीचं प्रमाण' म्हणून टाकायला किती सोपं! पण हे त्रुटीचं प्रमाण नाहीच. या ३४५ म्हणजे अधिकाऱ्याकडे ईमेलने किंवा टपालाने आलेल्या तक्रारी. अ‍ॅपमध्येच 'पुन्हा तपासा' अशी विनंती करण्याची वाट वेगळी आहे. शिवाय असा अधिकारी असतो हे माहीत असणारे किती? त्याचा पत्ता शोधून, रीतसर लिहून वाट बघणारे किती? घरगुती डबे पुरवणाऱ्या बाईंची सगळी गिऱ्हाइकं एकाच नंबरवर असतील, तर त्यांना आधी उद्याचे डबे कुणाकुणाला द्यायचेत हे शोधायचं असतं. नवं सिम घेऊन त्या मोकळ्या होण्याचीच शक्यता जास्त. अहवालात त्या 'एक बंद खातं' म्हणून दिसतात, तक्रारदार म्हणून कुठेच दिसत नाहीत.

सर्वेक्षणाच्या भाषेत सांगायचं तर हा प्रतिसाद न देणाऱ्यांचा प्रश्न आहे. गप्प राहिलेला माणूस समाधानी आहे असं धरून चालणं ही पद्धतीची चूक आहे, मग गप्प राहणारे शंभर असोत की लाख.

९५ टक्क्यांची गंमत

आता या अहवालांतल्या सगळ्यात लाडक्या आकड्याकडे वळू. कुणी तक्रार करायच्या आधीच आम्ही इतके टक्के मजकूर पकडला, असं सांगणारा हा आकडा. त्याला 'प्रोअ‍ॅक्टिव्ह रेट' म्हणतात. हा नव्वदीच्या पुढे असला की वाचणारा सुखावतो.

वहीत एक साधं गणित मांडा. समजा एका महिन्यात १०० पोस्ट काढल्या. ९५ यंत्राने आपणहून, ५ लोकांच्या तक्रारीवरून. प्रोअ‍ॅक्टिव्ह रेट झाला ९५ टक्के. पुढच्या महिन्यात यंत्र जरा जास्तच तापट केलं आणि त्याने आणखी १०० निरपराध पोस्ट उडवल्या. आता यंत्राने काढलेल्या १९५, एकूण २००. दर झाला ९७.५ टक्के. चुका शंभराने वाढल्या आणि आकडा सुधारला!

ज्यांनी मशीन लर्निंग थोडं शिकलंय त्यांना प्रिसिजन आणि रिकॉल माहीत असेल. पकडलेल्यांपैकी खरोखर दोषी किती, हे प्रिसिजन. एकूण दोषींपैकी पकडले किती, हे रिकॉल. प्रोअ‍ॅक्टिव्ह रेट या दोन्हींपैकी काहीच सांगत नाही. आधी कोण पोचलं, यंत्र की माणूस, एवढंच तो सांगतो. तरीही बातम्यांत आणि कधी कधी शोधनिबंधांतही तो अचूकतेचा आकडा असल्यासारखा वापरला जातो.

यंत्र तापट केल्यावर काय होतं याची झलक २०२० मध्ये मिळाली. कोविडमुळे तपासनीस घरी गेले आणि यूट्यूबने यंत्रावर जास्त भिस्त ठेवली. एप्रिल ते जून या तिमाहीत १ कोटी १४ लाखांच्या आसपास व्हिडिओ काढले गेले. अपिलंही वाढली, आणि अपील झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे व्हिडिओ परत आले. आधीच्या तिमाहीत हे प्रमाण पावाच्या आसपास होतं. हे आकडे कंपनीने स्वतःच जाहीर केले, याचं श्रेय तिला द्यायला हवं. पण इथेही छेद बघा. हा हिशोब फक्त अपील करणाऱ्यांचा आहे.

पाचशेपेक्षा कमी वेळा पाहिलेली एक पोस्ट

आकड्यांमागे एक माणूस कसा दिसतो, हे बघायला एक प्रकरण उपयोगी आहे. फेसबुकने नेमलेल्या ओव्हरसाइट बोर्डाने एप्रिल २०२१ मध्ये भारतातल्या एका पंजाबी पोस्टवर निर्णय दिला. नोव्हेंबर २०२० मध्ये एका वापरकर्त्याने पंजाबी वाहिनीचा एक व्हिडिओ शेअर केला होता आणि सोबत रा. स्व. संघ व भाजप यांच्यावर टीका करणारा मजकूर होता. एका तक्रारीवरून ती पोस्ट धोकादायक व्यक्ती आणि संघटनांच्या नियमाखाली काढली गेली, आणि खात्यावर निर्बंधही आले. पोस्ट पाहिली गेली होती पाचशेपेक्षा कमी वेळा.

वापरकर्त्याने अपील केलं. कोविडमुळे माणसं कमी आहेत, फेरतपासणी होईलच असं नाही, असं उत्तर आलं. बोर्डाने प्रकरण हाती घेतल्यावर कंपनीने चूक मान्य करून पोस्ट परत आणली. नेमका कोणता शब्द नियमात बसला नाही, हे मात्र कंपनीला सांगता आलं नाही. भारतात तीन कोटींच्या आसपास लोक पंजाबी बोलतात, पण तेव्हा कंपनीचे नियम पंजाबीत उपलब्धच नव्हते.

पोस्टमधल्या राजकीय मतांशी तुम्ही सहमत आहात की नाही, हा इथे मुद्दाच नाही. त्या माणसाच्या जागी उभे राहून बघा. कोणता नियम मोडला ते कळत नाही, नियम आपल्या भाषेत नाहीत, दाद मागायची खिडकी बंद आहे. लोकांचा वैताग या तीन गोष्टींच्या बेरजेतून येतो, आणि मासिक अहवालात या तिन्हींसाठी एकही रकाना नाही.

बोर्डाने तेव्हा केलेली एक शिफारस आपल्या कामाची आहे. चुकांचं प्रमाण देशानुसार आणि भाषेनुसार जाहीर करा, असं बोर्डाने सुचवलं. संशोधकाला खरा हवा असलेला रकाना तो हाच.

मराठीचं काय?

भाषेनुसार आकडे का हवेत हे मराठीतून लगेच कळतं. 'या वेळी त्याला पाडायचंच' हे निवडणुकीत निव्वळ मतदानाबद्दलचं वाक्य आहे. 'बॉलरला धू धू धुतलं' ही मॅचची बातमी आहे. 'आयला, भारीच!' ही शाबासकी आहे. उलट एकही शिवी न वापरता, अगदी 'अहो-जाहो' करत एखाद्या समाजाला अत्यंत घाण बोलता येतं, तेही आपण रोज वाचतो. फक्त शब्द बघणारं यंत्र पहिल्या तिघांना पकडेल आणि शेवटच्याला सोडून देईल.

मराठीवर काम झालेलं नाही असं नाही. २०२१ मध्ये 'मोल्ड' हा मराठी आक्षेपार्ह मजकुराचा संच आला. त्याच वर्षी 'हासोक' स्पर्धेत मराठीचा समावेश झाला. २०२२ मध्ये पुण्याच्या एल३क्यूब गटाने २५ हजारांहून जास्त ट्वीट्सचा 'महाहेट' संच प्रसिद्ध केला. ही मोलाची कामं आहेत. पण सुट्या ट्वीटवर 'द्वेषपूर्ण' किंवा 'आक्षेपार्ह' अशी चिठ्ठी लावताना ते कुणी कुणाला आणि कशाच्या उत्तरात म्हटलं, हे बरंचसं गळून जातं. यातल्या कुठल्याही संचावर काम करणार असाल, तर तपासायची पहिली गोष्ट ही.

कंपनीची बाजूही ऐका

टीका करताना समोरच्याची अडचण समजून घेतली नाही, तर ती टीका टिकत नाही. दिवसाला दहा लाख निर्णय घ्यायचे आणि त्यातले ९९ टक्के बरोबर आले असं धरलं, तरी रोज दहा हजार माणसं चुकीने सापडणार. ही संख्या शून्यावर आणणं कुणालाच जमणार नाही. नियमांची बारीकसारीक माहिती जाहीर केली की तिचा पहिला फायदा स्पॅमवाले घेतात, यातही तथ्य आहे.

पण यातून एवढंच सिद्ध होतं की चुका होणारच. ज्यांच्या बाबतीत चूक झाली त्यांना कारण सांगू नये, हे त्यातून सिद्ध होत नाही. शगुन जव्हेर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये रेडिटवर पोस्ट काढल्या गेलेल्या ९०७ जणांचं सर्वेक्षण केलं. कारण समजलेल्यांना निर्णय जास्त न्याय्य वाटला, असं त्यात दिसलं. म्हणजे पोस्ट परत आली नाही तरी वैताग कमी होऊ शकतो. आपल्या २०२१ च्या नियमांतही, मोठ्या कंपनीने आपणहून मजकूर काढला तर वापरकर्त्याला कारण कळवावं आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी, अशी तरतूद आहे. ती पाळली जाते की नाही, हा तुमच्यापैकी कुणीतरी घ्यावा असा विषय आहे.

आराखड्यात काय लिहाल?

थोडक्यात चार सूचना.

१. अहवालातला प्रत्येक टक्का दिसला की छेद शोधा. तो सापडला नाही, तर तो टक्का वापरू नका.

२. अहवाल हा पुरावा म्हणून वापरण्याआधी अभ्यासाची वस्तू म्हणून वापरा. कोणते रकाने आहेत, कोणते नाहीत, कोणत्या महिन्यात व्याख्या बदलली, यावरच एक चांगला शोधनिबंध होऊ शकतो.

३. लोकांना आलेल्या सूचना गोळा करा, म्हणजे 'आपली पोस्ट आमच्या नियमांत बसत नाही' छापाच्या. त्यात नियमाचं नाव आहे का, भाषा कोणती, अपिलाचा मार्ग दिलाय का, हे नोंदवा. तीस-चाळीस सूचना जमल्या तरी सुरुवात होते. मात्र स्क्रीनशॉटमध्ये इतरांची नावं नि नंबर असतात. लेखी संमती घ्या आणि ती माहिती झाकल्याशिवाय काहीही साठवू नका.

४. स्वतःच्या नमुन्याचीही चिकित्सा करा. सारा मायर्स वेस्ट यांचा २०१८ चा अभ्यास मजकूर किंवा खातं काढलं गेलेल्या लोकांनी स्वतःहून दिलेल्या माहितीवर उभा आहे. तो वाचाच, पण असे लोक मुळात बोलायला तयार असलेले असतात. कंपनीच्या आकड्यांत गप्प राहिलेली माणसं सुटतात तशी ती आपल्याही अभ्यासात सुटतात. त्यांच्यापर्यंत कसं पोचणार, हे आराखड्यात दोन ओळींत तरी लिहा. मुलाखतीत परीक्षक हा प्रश्न विचारतील असं समजूनच तयारी करा.

या आठवड्यात कुठल्याही एका कंपनीचा एक मासिक अहवाल उघडा आणि प्रत्येक रकान्यासमोर तो नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते एका ओळीत लिहा. जो प्रश्न तुम्हाला विचारायचा होता तो त्या यादीत सापडला नाही, तर तुमच्या संशोधनाचा विषय तिथेच आहे. यादी झाली की खाली कळवा, पुढच्या लेखात त्यातल्या दोन-तीन याद्यांवर बोलू.