राष्ट्र सेवा दल व समाजवादी फाटाफूट : साधनांची चिकित्सा

समाजवादी चळवळीच्या वृत्तांतांत पक्षाच्या फुटी हीच बहुधा कालगणना होऊन बसते. पक्ष ज्या सालीं फुटला त्याच सालीं त्याच्या छायेंतील युवकसंघटनाही दुभंगली, असें धरून प्रकरणें पाडलीं जातात. राष्ट्र सेवा दलाच्या बाबतींत हें गृहीत कितपत टिकतें, तें प्रस्तुत टिपणांत पाहावयाचें आहे.

प्रथम निर्विवाद शकावली. डॉ. ना. सु. हर्डीकर यांचें हिंदुस्थानी सेवा दल १९२३ सालीं काकिनाडा काँग्रेसच्या वेळीं निघालें. ४ जून १९४१ रोजीं पुण्यांत राष्ट्र सेवा दलाची उभारणी होऊन एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. मार्च १९४८ मध्यें नाशिक येथें समाजवादी पक्षानें काँग्रेस सोडली. १९५२ मध्यें प्रजा समाजवादी पक्ष झाला. १९५५ च्या अखेरीस डॉ. लोहियांनीं निराळी चूल मांडली. १९६४ मध्यें संयुक्त समाजवादी पक्ष झाला, १९६५ मध्यें तो फुटला, १९७१ मध्यें पुनः ऐक्य झालें आणि १९७७ मध्यें सर्व जनता पक्षांत मिळाले.

यांपैकीं १९४८ ची फूट दलास खरोखर भिडली. काँग्रेसच्या परिवारांत जन्मलेल्या दलापुढें काँग्रेस कीं समाजवादी हा प्रश्न उभा राहिला, व त्याचें उत्तर देणें टळण्याजोगें नव्हतें. पुढील तारखांविषयीं मात्र तसें सरसकट म्हणतां येत नाहीं. १९५५ हेंच वर्ष घ्यावें. त्या वर्षीं मधु लिमये यांच्यावर प्रजा समाजवादी पक्षानें शिस्तभंगाची कारवाई केली आणि ते लोहियांच्या बाजूस गेले. दलाच्या संस्थापकांपैकीं ना. ग. गोरे मूळ पक्षांतच राहिले. पक्षाच्या दफ्तरावरून हे दोघे विरुद्ध गोटांतले ठरतात. परंतु गोरे मे १९५५ मध्यें व लिमये त्याच वर्षीं जुलैमध्यें गोव्यांत सत्याग्रहासाठीं शिरले, आणि दोघेही १९५७ पर्यंत पोर्तुगीजांच्या कैदेंत होते. पक्षाचें दफ्तर व तुरुंगाचें दफ्तर अशीं एकाच वर्षाचीं दोन भिन्न चित्रें देतात. १९६५ नंतर एस. एम. संयुक्त समाजवादी पक्षाचे अध्यक्ष, तर गोरे प्रजा समाजवादी पक्षांत. म्हणजे दलाचे दोन आधारस्तंभ दोन पक्षांत विभागले. तेवढ्यावरून दलाच्या शाखा विभागल्या असें अनुमान काढणें, हें सरदारांच्या तंट्यावरून गांवगाडा फुटल्याचें सिद्ध करण्यासारखें आहे.

शाखेचा पुरावा शाखेंतच शोधिला पाहिजे. मुंबईच्या उपनगरांत तो शोधूं जाणारानें एक गोष्ट ध्यानीं ठेवावी. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्यें महापालिकेच्या हद्दींत आलीं. गोरेगाव, बोरिवली व मुलुंड १९५७ मध्यें. तत्पूर्वींच्या गोरेगावच्या सार्वजनिक कामाचा माग महापालिकेच्या दफ्तरांत नव्हे, तर ग्रामपंचायतीच्या व घरगुती कागदांत लागेल. केशव ऊर्फ बंडू गोरे यांनीं व वैद्यकीचें शिक्षण सोडून दलाच्या कामांत उतरलेल्या मृणाल गोरे यांनीं येथेंच काम केलें. बंडू गोरे १९५८ सालीं वारले. त्यांच्या नांवाचा स्मारक ट्रस्ट गोरेगावांत अद्याप चालू आहे. मृणालताई महापालिकेंत, १९७२ मध्यें विधानसभेंत आणि १९७७ मध्यें लोकसभेंत गेल्या. या काळांत पक्षाचें नांव अनेकदां बदललें. नळाच्या पाण्याचा प्रश्न मात्र तोच राहिला. ज्या पक्षनामांवरून इतिहासाचीं प्रकरणें पडतात तीं नांवें लोपलीं आणि त्यांच्या छायेंत वाढलेली संस्था टिकली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

याच्या उलट बाजूचा दोषही सांगितला पाहिजे. शाखा टिकली म्हणून तेथें तंटा नव्हताच, असेंही ठरत नाहीं. 'मी एस. एम.' सारखें आत्मवृत्त लेखकाच्या स्वतःच्या कृतींविषयीं पहिल्या प्रतीची साक्ष होय. पण उपनगरांतील एखाद्या शाखेविषयीं तें दुय्यम साधन, आणि उतारवयांतील स्मरण जुनीं भांडणें सौम्य करतें. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें बखरी समकालीन पत्रांशीं ताडून पाहिल्या, तीच कसोटी येथें लावावी. शाखेचें हजेरीपत्रक, वर्गणीची वही, शिबिराची यादी, कलापथकाच्या गाण्यांची हस्तलिखित वही, सभेचें टिपण, हस्तपत्रक हे येथील अस्सल कागद. एकाच शाखेचीं १९६४ व १९६६ सालचीं हजेरीपत्रकें शेजारीं ठेवलीं, तर कोण गेलें व कोण राहिलें हें दहा आत्मवृत्तांहून स्पष्ट कळेल. मात्र सभेचें टिपण बहुमताच्या चिटणिसानें लिहिलेलें असतें, हेंही विसरूं नये.

हे कागद शंभर वर्षांचेही नाहींत; म्हणूनच संग्राहक त्यांस हात लावीत नाहींत. परंतु पेशव्यांच्या कागदांस निदान वाडे होते. यांचें घर म्हणजे चाळींतील पेटी. चाळी पाडून इमारती होत आहेत, आणि घर रिकामें होतांना वह्या प्रथम रद्दींत जातात. एखादी वही हातीं आल्यास ती कोणाच्या घरीं, कोणत्या शाखेची व कोणत्या सालची मिळाली, एवढी नोंद त्याच दिवशीं करून ठेवावी. या नोंदीवांचून पुढील इतिहासकारास फुटीचा निवाडा पुढाऱ्यांच्याच तोंडून ऐकावा लागेल.